ओढ्याकाठच्या शेप्याचे चित्र

मित्रांनो, मला पाहून तुमच्या तोंडाला पाणी सुटले, तर ती शाबासकी मला रंगवणाऱ्या हातांची आहे. मी एका आंब्याचे जुने चित्र आहे. वय नव्वदच्या आसपास, अंगावर दोन डाग, एका पानाचे टोक कसरीने खाल्लेले. तरी माझा आंबा अजून पिवळाधमक आहे.

माझे चित्रकार आयुबमियाँ. निजामाच्या राजवटीत शेतकी खात्याच्या एका अधिकाऱ्याने त्यांना गावरान आंब्यांची चित्रे काढायला धाडले होते. फिरत फिरत ते ईट नावाच्या गावात आले. तिथे ओढ्याकाठी तुळजाबाई नावाच्या शेतकरणीचे आंब्याचे झाड पाडाला आले होते. त्या आंब्याला शेपूच्या भाजीसारखा वास, म्हणून त्याचे नाव शेप्या.

आयुबमियाँ झाडाखाली पोते अंथरून बसले. खारीच्या केसांच्या कुंचल्याने त्यांनी आधी देठ रंगवला, मग साल. पण आंबा कुणासाठी थांबतो का? काल हिरवा असलेला भाग आज पिवळा व्हायचा आणि त्यांना पुन्हा रंग कालवावा लागायचा. तिसऱ्या दिवशी तुळजाबाई हसून म्हणाल्या, "तुमी चित्र काढताय का आढी लावून आंबे पिकवताय?"

शेवटी त्यांनी माझ्याखाली उर्दूत लिहिले : शेप्या आंबा. ईट, ओढ्याकाठ. झाड तुळजाबाईंनी लावले.

अधिकारी चिडले. "फळाच्या चित्रावर बाईचं नाव कशाला?"

"साहेब, झाड काय आपोआप उगवलं न्हाय," आयुबमियाँ म्हणाले. नाव तसेच राहिले.

पुढची वर्षे मजेत गेली. शेतकी प्रदर्शनांत मला दर्शनी जागा मिळे. लोक मान वाकडी करून बघत, एकाने तर खरोखर वास घेतला! पुढे छापील तक्ते आले, रंगीत फोटो आले. माझी पाठवणी भूम गावच्या एका शाळेत झाली आणि तिथल्या कपाटावर, फुटक्या पृथ्वीगोलाच्या मागे, मी गुंडाळी होऊन पडून राहिले. किती वर्षे, ते मोजायचे मी सोडून दिले.

गेल्या मे महिन्यात शाळेच्या चित्रकलेच्या बाई, फरहाना मॅडम, कपाट झाडायला चढल्या. मला उलगडले आणि त्या शिडीवरच थबकल्या. त्यांना उर्दू येत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीने ईटला निघालो, मी नळकांड्यात आणि त्या खिडकीपाशी.

झाड होते! पण खोडावर चुन्याची पांढरी खूण होती.

"उद्या कापायचंय," शेताचे मालक महालिंगप्पा म्हणाले. सत्तरी ओलांडलेले, रोखठोक गृहस्थ. "सावलीनं सोयाबीन वाढत न्हाय. आंबा बारका, बाजारात कुणी पुसत न्हाय. ठिवून करू काय?"

"काका, हे चित्र तुमच्याच झाडाचं आहे."

"कशावरनं? सगळे आंबे सारखेच दिसत्यात."

मॅडमनी एक पाड उचलून माझ्याशेजारी ठेवला. तसाच बाक, तसेच टोकदार नाक. महालिंगप्पांनी फळ हुंगले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा हुंगले. "हाय खरं," ते पुटपुटले. पण त्यांचा बेत काही बदलला नाही.

मग मॅडमनी माझ्याखालची ओळ वाचून दाखवली. शेवटच्या नावाला महालिंगप्पा एकदम ताठ झाले.

"काय म्हणालात? तुळजाबाई? आवो, ती माझी आजी! हे झाड तिनं लावलंय हे मला कुणी सांगितलंच न्हाय. आमी नुसता वड्याकाठचा आंबा म्हणायचो."

ते खोडापाशी गेले, सालीवर हात ठेवला. मग खिशातून फोन काढला. "हॅलो, उद्या करवत घेऊन येऊ नगंस. न्हाय, परवा बी नगं. आजीचं झाड हाय ते. तू आंबे खायला ये!"

मित्रांनो, आनंदाने कागद फाटत असता, तर मी तिथेच फाटले असते.

पावसाळ्यात महालिंगप्पांनी त्या झाडाच्या काड्यांची वीस कलमे बांधून घेतली. तेरा जगली. एक आमच्या शाळेच्या अंगणात आहे. बाकीची त्यांनी गावात वाटली, प्रत्येकाला आजीचे नाव तीनतीनदा सांगून.

आता मी वर्गात काचेमागे आहे. माझ्या दोन्ही बाजूंना मुलांनी काढलेली चित्रे लागली आहेत : बोर, कवठ, चिंच. एक सीताफळ तर थेट साळिंदरासारखे झाले आहे, पण मला तेच सर्वांत आवडते, कारण त्याच्याखाली लिहिले आहे, 'हे झाड आमच्या मावशीने लावले.'

तुमच्याही रानात, परसात एखादे बिननावाचे फळझाड असेल. घरातल्या थोरांना आजच विचारा, ते कुणी लावले, त्याला काय म्हणतात. मग त्याचे चित्र काढा. साळिंदर झाले तरी चालेल. खाली नाव मात्र नीट अक्षरात लिहा.