मेण लावलेला डबा

आमच्या पाटणकडे कोयनेचे मासे चुलीवरच्या बांबूच्या कामट्यांवर पंधरा दिवस धुराला ठेवतात. एकमेकांवर आपटले की लाकडासारखे वाजले पाहिजेत, तोवर खाली काढायचे नाहीत, हा घरातला कायदा. आमचा मुलगा गुंडा पलटणीत परत जाताना दरवेळी तेच बरोबर न्यायचा.

एकाहत्तरच्या दिवाळीत मासे धुराला ठेवले आणि तिसऱ्याच दिवशी तार आली. रजा रद्द. मासे अजून मऊ होते.

"आवं, ऱ्हाऊ द्या. लाडू देते बांधून," गुंडाची आई, चंद्रा, म्हणाली. पण मी पडलो रिटायर हवालदार! फौजेतून आणलेले दोन पत्र्याचे डबे काढले, मासे दाबून भरले आणि झाकणांच्या कडा मेणानं बंद केल्या.

"आत वाराच शिरला न्हाई तर नासंल कसं?" असं वर तिलाच ऐकवलं. एक डबा गुंडाबरोबर गेला, एक घरात राहिला.

पाचव्या दिवशी घरातल्या डब्याचं झाकण फुगलं. मेण खरवडलं तशी फुस्स आवाज आला. खायला मन धजेना, म्हणून मासे उकिरड्यावर ओतले. तिथंही अक्कल गहाणच. दुसऱ्या दिवशी आमच्या दोन कोंबड्या तिथं मान टाकून पडल्या होत्या. डोळे उघडे, पण मान उचलेना. दुपारपर्यंत दोन्ही गेल्या.

मी पळत डॉक्टरांकडे गेलो. ते खेकसलेच. "नाथाजी, धूर वरवर लागतो. आत ओल राहिली की जंतू राहतात. त्यातल्या एकाला तर हवा नकोच असते. तुम्ही त्याला बंगला बांधून दिलात!"

पलटणीच्या पत्त्यावर तार केली. पोस्टमास्तर म्हणाले, लढाईच्या तयारीची गडबड आहे, कधी पोचेल सांगता येत नाही. त्यानंतर मला घरात बसवेना आणि शेतात उभं राहवेना. पोस्टमन दिसला की छातीत धडधड, नाही दिसला तरी धडधड. माझ्या हातानं पोराला विष बांधून दिलं होतं मी. चंद्रा एका शब्दानं बोलली नाही. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुंडा गेल्यापासून अकराव्या दिवशी पत्र आलं. गुंडानं ते वाटेतच, गाडीत बसून लिहिलेलं होतं. मी मोठ्यानं वाचू लागलो. "आई, मासे गाडीतच संपले. सगळ्या दोस्तांनी मिळून खाल्ले."

मी पत्र खाली घेतलं. चंद्रा उंबऱ्यावर मटकन खाली बसली.

"फुडं वाचा," ती म्हणाली.

"दरवेळेसारखेच कडक झाले होते. दगडानं फोडून खावे लागले."

"कडक?" चंद्रानं मान वर केली. "आवं, बोटानं मोडत हुते की!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फुगलेला डबा न उघडताच फेकायचा, हा फौजेतला नियम पोराला मीच शिकवला होता, आणि घरात मीच मोडला होता.

"मेल्यानं तोंडाला बी लावलं न्हाई, माझं मन राखाय खोटं लिवलंय," म्हणत ती हुंदके द्यायला लागली. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "ते कडकचं पुन्यांदा वाचा."

मी चार वेळा वाचलं.