खरखर

“आता डोळे मिटा,” बाई म्हणाल्या आणि वर्गातल्या बावीस शहाण्यांनी मुकाट्याने डोळे मिटले.

काचेपलीकडच्या यंत्रखोलीत चाळणीने कपाळावर हात मारून घेतला. दर शनिवारी दुपारी हाच तमाशा. बाहेर फलक लावलेला, ‘जगाचं गाणं ऐकायला शिका’, आणि शिकायला येणार कोण, तर एक निवृत्त बँक मॅनेजर, एक दातांचे डॉक्टर, सारख्या शाली पांघरणाऱ्या दोन बहिणी आणि असलेच रिकामटेकडे. वाळवंटातलं एकतारी वाद्य लावा नाहीतर एकाच गळ्यातून दोन सूर काढणारा मेंढपाळ लावा, मॅनेजरची मान हलायची ती एकाच चालीत. एकदा यंत्र अडकून नुसतीच गुंई वाजत राहिली, तेव्हाही शालवाल्या बहिणी म्हणाल्या होत्या, “काय आर्तता आहे!” गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणत चाळणीने ती गोष्ट बायकोला तीनदा ऐकवली होती.

चाळणी हे काही त्याचं खरं नाव नव्हे, कामावरून पडलेलं. या ध्वनिसंग्रहात तो एकतीस वर्षं तंत्रज्ञ होता. कोणा भटक्या संग्राहकाने देशोदेशी हिंडून भरून आणलेल्या नऊशे टेपा त्याने एकेक करून नव्याने उतरवल्या होत्या, आणि उतरवताना गाळल्या होत्या. खरखर, खोकला, कोंबडा, मधेच हसलेलं पोर, सगळं बाहेर. त्यातलं एकही गाणं त्याला आवडलं नव्हतं. जगभरची माणसं सारखीच रडतात आणि सारखंच बडवतात, असं त्याचं ठाम मत होतं. पण त्याने केलेली प्रत म्हणजे आरसा. त्यात खोट काढून दाखवा, असं तो कोणालाही म्हणायचा.

खोट काढली होती ती फक्त बायकोने. एकदाच ती कामावर आली होती. कानांवर हेडफोन चढवून तिने दोन प्रती ऐकल्या आणि म्हणाली, “अहो, भांडं लख्ख आहे. पण यात जेवण कुठाय?”

“तुला काय कळतंय त्यातलं,” तो म्हणाला होता. विषय तिथेच मिटला.

येत्या सोमवारी तो निवृत्त होणार होता, आणि त्याच दिवशी मूळ टेपांची खोकी भंगारात जाणार होती. स्वच्छ प्रती तयार असताना तो कचरा कशाला सांभाळायचा, असं संचालकसाहेबांचं म्हणणं, आणि त्या खोलीत त्यांना उपाहारगृह काढायचं होतं. चाळणीला त्यात आपला गौरवच वाटला होता.

आज वर्गात पाहुणी होती. दूरदेशीची एक म्हातारी वादक. मांडीवर तिचं वाद्य, लाकडी फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या आणि कडेने सैलसर बांधलेले शिंपले. ती लहान असताना तिच्या वडिलांचं वादन त्या संग्राहकाने भरून नेलं होतं. तेवढंच ऐकायला ती एवढ्या लांबून आली होती. वडिलांचं दुसरं काहीच कुठे उरलेलं नव्हतं.

चाळणीने ऐटीत प्रत लावली. एकेक सूर धुऊन पुसून ठेवल्यासारखा बाहेर आला. वर्ग डोलू लागला. “व्वा,” मॅनेजर म्हणाले.

म्हातारीने हात वर केला. ती काहीतरी बोलली आणि बाई ते सांगताना अडखळल्या. “त्या म्हणतायत, बोटं बाबांचीच आहेत. पण शिंपले कुठे गेले?”

नाचता येईना अंगण वाकडं, चाळणी पुटपुटला. त्याने काचेची खिडकी सरकवली. “शिंपले कुठले, बाई? खरखर होती ती. मी काढली. फार होती!”

म्हातारी रागावली नाही. तिने शिंपल्यांखाली रुमाल कोंबला आणि वाजवलं. हुबेहूब चाळणीची प्रत. वर्ग डोलला. मग तिने रुमाल काढून घेतला आणि तेच पुन्हा वाजवलं. आता प्रत्येक सुरामागे शिंपले थरथरत होते, एक माणूस बोलतोय आणि मागे घरचे सगळे हुंकार देतायत तसे. वर्ग तेवढ्याच भक्तिभावाने डोलला.

“त्यांच्या घरात म्हणतात,” बाईंनी सांगितलं, “पट्ट्या म्हणजे आपलं बोलणं आणि शिंपले म्हणजे गेलेल्या माणसांचं उत्तर.”

बावीस जणांना काडीचा फरक कळला नव्हता. चाळणीला कळला. ते बावीस निदान आपल्याला येत नाही म्हणून शिकायला तरी आले होते. यंत्रखोलीतल्या या दीडशहाण्याला तेवढीही अक्कल सुचली नव्हती.

वर्ग सुटल्यावर त्याने तळमजल्यावरून मूळ टेप शोधून आणली, जुन्या यंत्रावर चढवली आणि म्हातारीला आपल्या खुर्चीत बसवलं. शिंपले होते. कोंबडा होता. आणि मधेच एक पोर खुदकन हसलं. म्हातारीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग बोटाने स्वतःच्या छातीवर दोनदा टकटक केलं. ती तेव्हा सहा वर्षांची होती, असं बाई म्हणाल्या. चाळणीला तिच्याकडे बघवेना. तो उगाच यंत्राची बटणं पुसत राहिला.

सोमवारी सकाळी तो साहेबांसमोर उभा राहिला. “साहेब, मूळ टेपा जाऊ देऊ नका. माझं काम चुकलंय.”

“कुठलं काम?”

“सगळंच. कुठे कुठे काय कापलंय, मलाही सांगता येणार नाही.”

साहेब हसले. “अहो, आज तुमचा निरोप समारंभ. मानचिन्हावर नाव कोरून आलंय. ऐकणाऱ्यांना तरी कुठे कळतंय? कशाला हात दाखवून अवलक्षण करताय?”

“ऐकणाऱ्यांना कळत नाही, हेच मी एकतीस वर्षं म्हणत आलो,” चाळणी म्हणाला. “लेखी देतो.”

“लेखी दिलंत तर वर पाठवावं लागेल. मग समारंभात मी बोलू काय तुमच्याबद्दल?”

“काही बोलू नका.”

त्याने उभ्याउभ्याच लिहिलं: ‘मी केलेल्या सर्व प्रती सदोष आहेत. मूळ टेपा नष्ट करू नयेत.’ खाली सही केली. भंगारवाल्याची गाडी रिकामी परत गेली. समारंभ झाला नाही. मानचिन्ह साहेबांच्या कपाटात तसंच राहिलं. उपाहारगृह हुकल्याबद्दल कारकून मंडळींनी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

“मी तेव्हाच म्हणाले होते,” एवढंच बायको म्हणाली आणि तिने पान वाढलं.

पुढच्या शनिवारी तो वर्गाच्या दारातून आत शिरला. मागच्या रांगेतल्या टोकाच्या खुर्चीवर, शालवाल्या बहिणींच्या शेजारी बसला. यंत्रखोलीत आता नवीन माणूस होता. नेहमीच्या बाई आजारी होत्या आणि बदली आलेल्या तरुण बाई त्याला ओळखत नव्हत्या. हातात प्रवेशअर्ज घेऊन त्या त्याच्यापाशी वाकल्या.

“काका, असं संगीत यापूर्वी कधी ऐकलंय?”

काचेपलीकडे मूळ टेप फिरू लागली होती. गाण्याच्या आधीची खरखर खोलीत पसरली.

“नाही,” चाळणी म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.