नयनाअक्कांच्या पिशवीतला फ्रीजिया

“नयनाअक्कांना म्हणे आता वासच…” शेजारच्या अंजलीबाई जिन्यात कुणाला तरी एवढंच म्हणाल्या. तेवढ्यात अक्कांचं दार वाजलं आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळून टाकलं.

मी ते स्वयंपाकघरातल्या खुंटीवरून ऐकलं. मी फ्रीजिया या सुवासिक फुलाचा कंद बोलतोय. लसणीच्या मोठ्या पाकळीएवढा, तपकिरी सालीचा. कांद्याच्या जाळीदार पिशवीत मी भावंडांसोबत टांगलेला असतो.

माझा जन्म मल्लेश्वरमच्या याच घराच्या गच्चीवर, कुंडीत झाला. आमच्यात नवा कंद जुन्याच्या डोक्यावर वाढतो आणि जुना खाली सुकून जातो. माघात आम्ही फुललो, तेव्हा माणसं जिन्यात थांबून श्वास भरून घ्यायची. पानं पिवळी पडली तसं अक्कांनी पाणी तोडलं, आम्हांला खणून काढलं, सावलीत वाळवलं. आता पाऊस सरेपर्यंत कोरडं झोपायचं, एवढंच आमचं काम.

दर शुक्रवारी अक्का पिशवी उतरवून नाकाशी धरतात. “कंद सडला की आधी नाकाला कळतं,” असं त्या सगळ्यांना सांगायच्या. पण फाल्गुनात त्यांना मोठा ताप आला. त्यानंतर दूध करपलं तरी त्या शांत बसून राहू लागल्या. कुणाला काही बोलल्या नाहीत.

यंदा पावसाळी दमट हवेत माझ्या शेजारचा कंद मऊ पडला. त्याला निळसर बुरशी धरली. शुक्रवारी अक्कांनी पिशवी हुंगली. मी जीव मुठीत धरून होतो.

“सरी, ठीक आहे,” त्या म्हणाल्या आणि पिशवी परत टांगली. असे तीन शुक्रवार गेले. तो सडका ओलावा माझ्या अंगाला टेकला.

काल शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कोरमंगल्याहून त्यांचा मुलगा ध्रुव आला. चपला काढता काढताच म्हणाला, “आई, तुला वास येत नाही? खरं सांग.”

“कोण म्हणतं?”

“अंजलीमावशी. वास येत नाही आणि हल्ली काही लक्षातही राहत नाही म्हणे. तसं असेल तर एकटीनं गॅस पेटवायचा नाही. हे घर बंद करायचं आणि माझ्याकडे यायचं.”

“तिला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची सवयच. आता माझं नाक मोजायला निघाली!”

ध्रुव हसला नाही. त्यानं खुंटीवरची पिशवी काढून त्यांच्यापुढे धरली. “सांग, कसला वास येतोय?”

अक्कांनी खोल श्वास घेतला. मग आणखी एकदा. “कांद्याच्या पिशवीला कांद्याचाच येणार की रे.”

ध्रुवनं तोंड फिरवून नाकाला रुमाल लावला. अक्कांनी ते पाहिलं.

मग त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं, आम्हांला ओतलं आणि एकेकाला अंगठ्यानं दाबू लागल्या. “हा गेला. ह्याला खणताना माझी खुरपी लागली होती. हा पिवळा, टाकीजवळच्या कुंडीतला. हाही गेला. हा पांढरा, तुझ्या वाढदिवसाला पहिला उमलला तो. चांगला आहे.” एकाही बाबतीत त्या चुकल्या नाहीत. अंजलीबाईंचं अर्धंच खरं ठरलं.

 ध्रुव हळूच म्हणाला, “लक्षात सगळं आहे गं तुझ्या. पण आई, गॅस कसा दाबून बघणार?”

ध्रुवनं जाऊन सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला. आज सकाळी अंजलीबाईंनी चहा आणून दिला. तो झाकलेलाच पडलाय.

चांगल्या ठरलेल्या भावंडांसोबत मी खिडकीत वर्तमानपत्रावर आहे. सालीआड, जिथे तो शेजारी चिकटला होता, तिथे मला किंचित ओलं वाटतंय. येत्या शुक्रवारी तुम्ही इथे असाल ना, अक्का? असलात तर मला पुन्हा एकदा दाबून बघा. घाई करू नका. अंगठा जरा डावीकडे ठेवा.