तांबूचा सलाम

रजेवर येणारा फौजी घरी काय घेऊन येईल याचा नेम नसतो. कुणी कांबळं आणतो, कुणी ट्रान्झिस्टर, कुणी रमची बाटली. शहात्तर सालच्या थंडीत आमच्या ह्यांनी सिक्कीमहून जनावर आणलं. मांजराएवढं, पाठ तांबडी, पोट काळं आणि शेपटी चांगली झुबकेदार.

"तिकडं ह्याला हाब्रे म्हणत्यात," हे सांगत होते. "रस्त्यासाठी रान तोडलं, मोकाट कुत्र्यांनी आई फाडली. एका गुराख्यानं धरलं हुतं, त्याच्याकडनं घेतलं. मी घेतलं नसतं तर मेलंच असतं."

सासूबाईंनी, म्हणजे अंबूबाईंनी, त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तांबू म्हणून नाव ठेवलं. मलाही तेव्हा आपल्या नवऱ्यानं पुण्य केलं असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी पेन्शनीत आलेले ज्योतिबा हवालदार बघायला आले. त्यांनी तांबूसमोर दाणकन पाय आपटला. तांबू मागच्या पायांवर उभं राहिलं आणि पुढचे दोन्ही पाय वर केले. हवालदार ताठ झाले आणि उलट सलाम ठोकून म्हणाले, "फौजीच्या घरचं जनावर शोभतंय गड्या! सलाम करतंय!"

आमचं गाव वडूजच्या अलीकडचं. घरटी एक माणूस पलटणीत, तेव्हा गावाला दुसरं काही सुचणारच नव्हतं. त्या दिवसापासून जो येईल तो पाय आपटायचा आणि ओरडायचा, "तांबू, सलाम!" तांबू हात वर करायचं आणि लोक खिदळायचे. दोन हातांनी सलाम कुठल्या पलटणीत करतात, हे मात्र एकाही शहाण्यानं विचारलं नाही.

शिमगा झाला आणि ह्यांची रजा संपली. जाताना म्हणाले, "बनू, कळकाचा कोवळा पाला देत जा. उन्हाला तेवढं जप." जशी काही उन्हाची चावी माझ्या कनवटीला होती.

ओढ्याकाठी कळकाचं, म्हणजे बांबूचं, एकच बेट होतं. रोज सकाळी मी तिथला पाला आणायची. माजघरात ओलं गोणपाट टाकून त्यावर तांबूला ठेवायची. ते दोन्ही हातांत पान धरून खायचं, मग शेपटीत तोंड खुपसून झोपायचं. एकटं असलं की कधी उभं म्हणून राहायचं नाही.

एकदा दार उघडं राहिलं आणि शेजारच्या केरबाचं कुत्रं आत शिरलं. तांबू भिंतीला चिकटून उभं राहिलं, तेच दोन्ही हात वर करून. गोणपाटावर मुतलं. कुत्रं हाकललं तरी त्याची छाती लटलट उडत होती. मला एकदम रडू आलं. इतके दिवस गाव ज्याला सलाम म्हणत होतं ती त्याची भीती होती.

"आवं आत्याबाई, ते भितंय," मी सांगितलं. "माणसांस्नी दाखवू नका."

"भ्यायला काय झालंय गं त्याला? लोक किती मायेनं येत्यात," सासूबाई म्हणाल्या आणि आपल्या ताटातला दूधभात त्याला भरवायला बसल्या. खोटं कशाला बोलू, त्यांची मायाच होती. कुणी वाईट असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

चैत्र लागला. बेटाचा पाला वाळून खडखडीत झाला. तांबू दिवसभर जीभ काढून धापा टाकायचं, पाला पुढं केला तरी तोंड फिरवायचं. माझी मावशी महाबळेश्वरला राहायची. तिथं गारवा होता, खाली दरीत कळकही होता. तिच्याकडं पोचवलं तर जगेल, एवढीच आशा होती. सासूबाईंना विचारलं.

"एवढी जत्रा हू दे. लांबलांबनं लोक येणार हायती त्याला बघाय."

जत्रेच्या दिवशी पहाटे मी तांबूला डालग्यात घातलं, वर ओला पंचा टाकला आणि एस.टी.ची वाट धरली. वेशीतच ज्योतिबा हवालदार आडवे आले.

"गावाचं जनावर घिऊन कुठं निघालीस, पोरी?"

"मरंल वो ते इथं. पाया पडते, जाऊ द्या."

"फौजीची बायकू अशी घाबरट? संध्याकाळी मी सवता एस.टी.त बसवून दितो." डालगं त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं. चार माणसं जमली, सासूबाई धावत आल्या, आणि मी परत फिरले. सून माणूस वेशीत किती भांडणार?

तांबूला देवळापुढं मांडवात बाजेवर बसवलं. ताशा वाजत होता. लोक गुलाल उधळत होते, पाय आपटत होते. मी पंच्यानं वारा घालत बाजूला बसले होते. दुपारपर्यंत तांबू पुन्हा पुन्हा उभं राहिलं. मग बसल्या जागी कलंडलं. मी अंगावर पाणी ओतलं, तोंडात घातलं. ते बाहेर ओघळलं.

"दमलंय, झोपू द्या," कुणीतरी म्हणालं. मेलेलं आहे हे मी ओरडून सांगेपर्यंत ताशा चालूच होता. घरी आणून अंगण खणेपर्यंत कुणीतरी शेपटी कापून नेली. तसंच पुरलं.

सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. मला त्यांचा राग करायचा होता, पण त्या माझ्याच गळ्यात पडून रडल्या.

पुढल्या रजेला हे आले. तांबू गेल्याचं पत्रानं कळवलं होतंच, आता मी सगळं सांगितलं. ती भीती होती, सलाम नव्हता, हेही सांगितलं. ह्यांनी खाली मान घातली, डोळे पुसले. मला वाटलं, चला, एका तरी माणसाला कळलं.

तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. "सयाजी, एकट्याला करमलं न्हाई रं त्याला, म्हणून गेलं. आता येताना दोन आण. हवालदारबी मागत्यात."

मी ह्यांच्याकडं बघितलं. नाही म्हणा, एवढंच मी डोळ्यांनी सांगत होते.

"त्या रानात आता ऱ्हायली न्हाईत, आये," हे म्हणाले. "पलीकडच्या डोंगरात हायती. गुराख्याला सांगून ठिवलंय."