खाली ठेवलेला कप

“बाळूभाऊ, कॅमेऱ्याकडे बघून एक घोट घ्यायचा. खलास!” देवेश कानाशी पुटपुटला.

देवेश आखातातल्या एका तांब्याच्या खाणीचा जनसंपर्क अधिकारी आणि बाळकृष्ण तिथला पाणी तपासणारा, मूळचा देवगडकडचा. इलेक्ट्रिक गाड्यांना लागणाऱ्या तांब्यापायी काय काय नासतं, यावर बातमी करायला मुंबईहून अंतरा नावाची पत्रकार आली होती. तिची शंकाच मिटवावी म्हणून देवेशने तिला थेट खाणीखालच्या वाडीत, हमूदबाबाच्या अंगणात आणलं होतं.

बारा वर्षं बाळकृष्ण दर महिन्याला इथल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून न्यायचा आणि त्याच पाण्याचा कहवा, म्हणजे इकडची बिनदुधाची कॉफी, पिऊन जायचा. वाडीत रिपोर्ट कोणी वाचत नसे. बाळू प्यायला म्हणजे पाणी चांगलं, एवढा साधा हिशेब. या खेपेचा रिपोर्ट मात्र वाईट होता, आणि तीन दिवस तो देवेशच्या ड्रॉवरमध्ये पडून होता.

हमूदबाबाने कप भरून दिला. एका घोटाने कोणी मरत नाही, हे बाळकृष्णाला पक्कं ठाऊक होतं. तिकडे सीब शहरात त्याची बायको होती, लेकीची, प्रियांकाची बारावी तोंडावर आली होती आणि तिघांचेही व्हिसा कंपनीच्या हातात होते.

“घ्या ना, काका,” अंतरा म्हणाली.

त्याने भरलेला कप तसाच चटईवर ठेवला.

देवेशचं तोंड उतरलं. हमूदबाबा मात्र सावरून बसला. पाहुण्याने भरला कप खाली ठेवला तर त्याचं काही मागणं असतं आणि यजमानाने ते पुरवायचं असतं, ही इकडची रीत. “माग,” तो म्हणाला.

“बाबा, ह्या विहिरीचं पाणी पिऊ नका,” बाळकृष्ण मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाला. मग अंतराकडे वळला. “पाण्यात तांबं मर्यादेच्या तिप्पट आहे, ताई. रिपोर्टवर सही माझीच आहे.”

“येडे झालात काय, भाऊ?” देवेश ओरडला. “घरच्यांचा तरी विचार करायचा!”

“तोच करत बसलो होतो रे, तीन दिवस.”

हमूदबाबाने उठून कहव्याची अख्खी किटली वाळूत उपडी केली. बाळकृष्णाला मान वर करायची लाज वाटली. जीपमधला आपला पाण्याचा कॅन आणून त्याने मुकाट्याने चुलीजवळ ठेवला.

बऱ्याच वेळाने हमूदबाबाने त्या पाण्याचा कहवा चढवला. बाळकृष्ण रीतसर तीन कप प्यायला आणि पुरे म्हणून रिकामा कप हलवून परत दिला.

देवेशने हात पुढे केला. बाळकृष्णाने त्यावर कंपनीच्या जीपची किल्ली ठेवली.

“कॅन राहू दे इथंच,” तो म्हणाला.