घड्याळवाल्या आजोबांचा कप

मित्रांनो, मी एक जुना, दोन कानांचा कप आहे. माझ्या काठाला एका बाजूला मोठी खाच आहे, त्यामुळे पाहणारा मला आधी फुटकाच समजतो. कारखान्यात एका कामगाराने मला भंगारात टाकलेही होते. पण ती खाच मुद्दाम ठेवलेली आहे. पिताना नाक तिच्यात बसते आणि मान मागे टाकावी लागत नाही.

वृद्धाश्रमात मी घड्याळवाल्या आजोबांचा झालो. उभा जन्म घड्याळे दुरुस्त करण्यात गेलेला हा माणूस पक्षाघातानंतर पाणीसुद्धा नीट गिळू शकत नव्हता. पातळ घोट चुकीच्या वाटेने फुप्फुसात उतरायचा. तेव्हा सिस्टर आणि आजोबांची लेक त्यांच्या खाटेशी बसल्या.

"बाबा, चहा आम्ही भरवू का?" लेकीने विचारले.

"छे! माझा चहा मीच पिणार," आजोबा अडखळत म्हणाले. "हात आहेत अजून."

मग ठरले. चहात दाटपणा आणणारी औषधी पूड मिसळून तो घट्ट करायचा, हनुवटी खाली, घोट लहान आणि कप हाच. तिथे प्रत्येकाचे असे वेगळे ठरलेले असायचे. कुणाची खुर्ची बुटकी, कुणाची खाट खिडकीपाशी. आजोबा मला दोन्ही कानांनी उचलत आणि म्हणत, "कान धरल्याशिवाय काम करत नाही हा गडी!" मी फुशारून जायचो.

पुढे सिस्टरांची वरच्या मजल्यावर बदली झाली आणि खाली नवे व्यवस्थापक आले. माणूस वाईट नव्हता, पण टापटिपीचा भारी सोस.

"हा फुटका कप कशाला ठेवलाय? उद्यापासून सगळ्यांना सारखे ग्लास, एकाच किटलीतला चहा. इथं कुणाचं डावं-उजवं नको."

"माझा... कप," आजोबा म्हणाले.

"आजोबा, नवा कोरा ग्लास देतो की!"

माझी रवानगी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर झाली. तिथून जेवणघर दिसते. चकचकीत ग्लासातून पातळ चहा आला. आजोबांनी मान मागे टाकली आणि त्यांना जोराचा ठसका लागला. दुसऱ्या दिवशीही तेच. मी जीव तोडून ओरडत होतो, पण कपाचे कोण ऐकतो! खोकला हळूहळू घरघरू लागला. मग एके दिवशी तो थांबला.

"बघा, झाली ना सवय!" व्यवस्थापक समाधानाने म्हणाले.

माझ्या मनात मात्र धडकी भरली. घोट अजून त्याच चुकीच्या वाटेने जात होते. खोकायची ताकद तेवढी संपली होती.

लेक भेटायला आली. "बाबांचा कप कुठाय?" तिने आल्या आल्या विचारले. व्यवस्थापकांनीच मला खाली काढून धुतले. तिने चहा घट्ट करून आणला. आजोबांनी माझे कान धरले. त्यांची बोटे तापाने भाजत होती, आणि त्यांना मला उचलता आले नाही. लेकीची हाक ऐकून सिस्टर धावत खाली आल्या. त्यांनी आजोबांच्या पाठीला नळी लावून ऐकले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"गाडी बोलवा. आत्ताच्या आत्ता!"

गाडी आजोबांना दवाखान्यात घेऊन गेली; त्यांची खाट अजून रिकामी आहे. मी टेबलावर तसाच भरलेला आहे. माझ्यातल्या चहावर साय धरली, पण तो ओतून द्यायला कुणी धजत नाही. मित्रांनो, सगळ्यांना सारखे देणे सोपे असते. पण देण्याआधी समोरच्याला एकदा विचारा, "तुम्हाला कसं लागतं?" आणि त्याला उत्तर देता येते आहे, तोवरच विचारा.