दरबार महालातला बदाम

बरीदशाही, निजाम, मराठे: उदगीरचा किल्ला कुणाकडून कुणाकडे गेला, हे मी तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं. राजाशी फितुरी करणाऱ्यांवर तर लई तावातावानं बोलायचो. स्वतःबद्दल मात्र कधी ब्र काढला नाही.

अकरावीत असताना याच किल्ल्यातल्या दरबार महालाच्या भिंतीवर मी खिळ्यानं बदाम कोरला, आणि आत लिहिलं, महानंदा. ती आमच्या वर्गात पहिली यायची. माझ्याशी कधी दोन शब्द बोलली नव्हती, किल्ल्यावर तर आलीच नव्हती. पण आठवड्यात गावभर झालं. तिच्या भावानं एकेका पोराला धरून विचारलं. मी म्हणालो, "मला काय ठाव?" दिवाळीच्या आत तिचं कॉलेज सुटलं आणि भालकीच्या एका दुकानदाराशी लग्न लावून दिलं.

मागच्या महिन्यात मी रिटायर झालो. पहिल्याच सोमवारी पिशवीत कानस टाकून किल्ल्यावर गेलो. ते नाव काढून टाकायचं, एवढंच डोक्यात होतं. जमलं तर भालकीला जाऊन तिची माफी मागायची.

बदाम जागेवर होता. आतलं नाव मात्र अर्धं कुणीतरी आधीच खरवडलेलं.

"शिवमूर्ती सर, तुम्ही?" पहारेकरी धावत आला. भागवत, माझा जुना विद्यार्थी.

"हे कुणी खरवडलं रे?"

"दोन वर्षं झाली सर. भालकीची एक बाई नातीला घेऊन आलती. चावीनं खरडून राहिली होती. मी लई झापलं. म्हणलं, आधी लिवायचं अन् मग खोडायचं, लाज न्हाई वाटत? रडाय लागली. म्हणली, म्या न्हाई लिवलं. आता सर, सगळे असंच म्हणतेत."

मला स्वतःची शिसारी आली. चाळीस वर्षांनी, नातीदेखत, त्याच गोष्टीसाठी तिनं पुन्हा बोलणी खाल्ली होती.

"वळखीची हाय का सर?"

इथंच सांगायला हवं होतं. भागवत माझ्याकडे शाळेत बघायचा तसाच बघत होता.

"न्हाई बा," मी म्हणालो. "किल्ला बघायला आलो."

"तुम्ही शिकवलं म्हणून किल्ल्याची किंमत कळली, सर." तो वाकून पाया पडला. मी पडू दिलं.